मागची माणसं

महादू गेल्याचं मला त्याच्या चुलतभावाने सांगितलं. तो भाताची पोती घेऊन कर्जतच्या मालधक्क्यावर आला होता. वजन झालं, मी पावती लिहायला घेतली, तेव्हा म्हणाला, "आमचा महादू गेला, बुधवारी. नऊ दिस ताप हुता." मी पावती पुरी केली. पण तिच्यावरचा आकडा मला खोडून पुन्हा लिहावा लागला. चोवीस वर्षांच्या कारकुनीत अशी खाडाखोड माझ्या हातून फार वेळा झालेली नाही. त्याला आज सहा आठवडे झाले.

महादू साजगावचा. मराठी तिसरीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो माथेरानच्या एका हॉटेलात भांडी घासायला लागला आणि आठ-नऊ वर्षांत तिथल्या गोवेकर आचाऱ्याच्या हाताखाली पक्का आचारी झाला. सूप, भाजलेलं मांस, पुडिंग, सगळं तो नुसत्या अंदाजाने करी. पण त्याचं मन बटलरच्या कामावर होतं. कोठारातून किती सामान काढायचं, किती माणसांना किती शिजवायचं, कोणतं पेय कोणत्या पेल्यात द्यायचं, हे सगळं बटलर ठरवी, आणि पाहुण्यांसमोर उभा राही तोही बटलरच. "चांगलं शिजतं ते मला म्हाईत हाय," महादू म्हणायचा, "पन कोन खातं न् किती खातं, ते भिंतीआड कदी दिसत नाय."

पावसाळ्यात माथेरान बंद असे. ते चार महिने तो गावी येई आणि दर रविवारी चालत कर्जतला माझ्याकडे. असे तीन पावसाळे आमच्या पडवीत त्याचा अभ्यास चालला. मी त्याला त्रैराशिक शिकवलं, इंग्रजी अक्षरं शिकवली. दहा माणसांना इतकं, तर बेचाळीस माणसांना किती? वाढायचा सराव तो आमच्याच पत्रावळींवर करी आणि तांब्यातलं पाणी माझ्या उजव्या अंगाला उभा राहून पेल्यात ओती. माझी बायको उंबऱ्यातून विचारायची, "भावजी, आज विहिरीची दारू कोणत्या पेल्यात?" तो हसत नसे. तांब्याचं तोंड पुसून पुढच्या पत्रावळीकडे वळे. त्याची आई भाकऱ्या कधी मोजत नसे. मोजलेलं सरतं, असं ती म्हणे. हे त्याने सांगितलं तेव्हा मात्र मी हसलो. म्हटलं, मोजलेलं कधी कमी पडत नाही, महादू. न मोजलेलंच पडतं.

चौथ्या हंगामाच्या आरंभी मॅनेजरने त्याला महिनाभर बटलरच्या जागी उभं करून पाहायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी बेचाळीस पाहुणे होते आणि नोकर अकरा. महादूने मांडलेला हिशेब इतका बरोबर आला की जेवणं आटोपली तेव्हा पातेल्यांच्या कडांना लागलेलं तेवढंच उरलं होतं. मॅनेजरने त्याचा हात हातात घेतला.

पण त्या हॉटेलात एक रीत होती आणि ती कुणी कधी कागदावर मांडलेली नव्हती. पाहुण्यांच्या रिक्षा ओढून आणणारी माणसं दुपारी मुदपाकखान्याच्या मागच्या दाराशी बसत. उरलेलं सूप, भात, पाव त्यांना मिळे. तेच त्यांचं दिवसाचं जेवण. आधीचे बटलर ढोबळ आकडा देत आणि आचारी अंदाजाने शिजवत, तोवर ते नेहमी उरत आलं होतं. त्या दिवशी चौदा माणसं पानं मांडून बसली होती. महादूने दार उघडलं आणि आज काही नाही म्हणून सांगितलं. त्यांच्यात त्याचा सख्खा मामा होता. तो उठला, पान झटकलं आणि म्हणाला, "आसू दे रं. तू हुशार झालास."

दुसऱ्या दिवसापासून महादूने वहीत पाहुणे आणि नोकर यांच्याखाली तिसरी ओळ घातली, 'मागची माणसं, चौदा.' मॅनेजरने ती लाल पेन्सिलीने खोडली. ती रोज लिहिली जाई आणि रोज खोडली जाई. शेवटी सुटीच्या दिवशी तो वही घेऊन माझ्याकडे आला. पडवीत बसला, पाणीही प्यायला नाही.

"आप्पा, ही चौदा मान्सं तुमच्या त्रैराशिकात कुठं बसत्यात?"

मी वही पाहिली. गणित कुठेही चुकलेलं नव्हतं. मी म्हणालो, ज्यांना मालक धरत नाही ती गणितात बसत नाहीत. त्याने वही मिटली. मग थोडा वेळ आम्ही पावसाचं बोललो...

महिना संपायच्या आधीच तो मॅनेजरला सांगून चुलीकडे परतला. ज्या कामासाठी तीन पावसाळे घातले ते त्याने आपणहून सोडलं. पुढची चौदा-पंधरा वर्षं तो अंदाजानेच शिजवत राहिला आणि रोज जास्तच शिजवत राहिला. मॅनेजर बोलत असे, पण तसा हात दुसरा नव्हता म्हणून त्याला ठेवून घेई. पावसाळ्यात महादू माझ्याकडे येतच राहिला. तो विषय मात्र त्याने पुन्हा काढला नाही, आणि मीही नाही.

आता थकल्यासारखं वाटतं ते एका साध्या गोष्टीने. धक्क्यावर मी रोज घट धरतो. पोत्यामागे इतकं सांडणार, इतकं उंदीर खाणार, ते लिहून वजा टाकतो आणि कुणी वरिष्ठ त्यावर रेघ मारत नाही. उंदरांसाठी जे माझ्या हाताला सवयीने सुचतं, ते त्या चौदा माणसांसाठी सुचलं नाही. घट धर, महादू, इतकं वाया जाणार म्हणून तेवढं जास्त काढ, एवढंच म्हणायचं होतं. तिसरी ओळ लिहायची गरजच पडली नसती, आणि तो बटलर राहिला असता.

चुलतभावाने मागच्या खेपेला त्याची ती वही आणून दिली. मी पानं मोजली. अठरा पानांवर लाल रेघ आहे. त्यानंतरचं पान शेवटचं. त्यावर पाहुणे अडतीस, नोकर अकरा आणि खाली 'मागची माणसं'. पुढे आकडा नाही. रेघही नाही.

वही पडवीतल्या कोनाड्यात ठेवली आहे, तो तांब्या ठेवायचा तिथेच. अर्धवट ओळ माझ्याने पाहवत नाही, म्हणून एकदा पेन्सिल घेऊन बसलो. पण चौदा लिहिलं आणि दाराशी पंधरावा येऊन बसला, तर पुन्हा खाडाखोड करावी लागेल. ती जागा त्याने सोडली तशीच आहे.