मठाचं खापर आणि माझे तिळाचे लाडू

माझ्या हातचा तिळगूळ आठशे वर्षांपूर्वीच्या मडक्यात सापडेल असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमचे हे, म्हणजे विश्राम, चंडीगडच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. आम्ही मूळचे साताऱ्याचे. पुण्याहून बदली झाली, जवळच झिरकपुरात फ्लॅट घेतला, त्याला बावीस वर्षं झाली. घरी स्वतःचा चहाचा कप विसळायचं नाव नाही, पण तिथे काचेची नळी तीन-तीनदा धुतात म्हणे.

जानेवारीत हिमाचलातल्या एका जुन्या मठाची खापरं त्यांच्याकडे आली. खापर कुटून त्यात मुरलेली चरबी वेगळी काढायची, की भिक्षूंनी त्यात काय शिजवलं ते यंत्र सांगतं. नेमकी त्याच आठवड्यात संक्रांत. हे म्हणाले, यंदा तिळगुळाचा डबा नको, काम नाजूक आहे. मी फणकारले. मार्चअखेर निवृत्त होणार, आणि शेवटच्याच वर्षी खंड पाडायचा? नेला बिचाऱ्यांनी. लोहडीची, म्हणजे तिकडच्या संक्रांतीची, रेवडी तिथे ताटलीत ठेवतात, हवी त्यानं उचलावी. आपला तिळगूळ मात्र हातावर ठेवायचा, तोंडानं गोड बोला म्हणायचं. ह्यांनी हातमोजे काढून प्रत्येकाच्या जागेवर जाऊन दिला आणि त्याच चिकट हातांनी हातमोजे चढवून पुन्हा खापरं कुटायला बसले.

फेब्रुवारीत निकाल आला, मडक्यांत तिळाचं तेल! ह्यांच्या साहेब, गिल मॅडम, हरखून गेल्या. एवढ्या उंचावर तीळ पिकत नाही, म्हणजे खालून तेल जात होतं, जुना व्यापार सापडला. त्या लगेच लेख लिहायला बसल्या.

हे घरी आले ते तोंड पाडून. ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"शशी, ते तेल मठाचं नाही. आपल्या डब्यातलं आहे."

मी म्हणाले, गप्प बसा. दीड महिना राहिलाय, कोणाला कळतंय? छत्तीस वर्षांचं नाव एका लाडवापायी घालवू नका. हे सकाळी रोजच्यापेक्षा आधीच्या बसनं गेले आणि मॅडमना सगळं सांगून मोकळे झाले.

मॅडमनी विचारलं, हात न लागलेलं काही उरलंय का? उरलं होतं. कुटण्याआधी प्रत्येक खापराचा अर्धा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवायचा, ही ह्यांची जुनी खोड. ते तुकडे आता दुसऱ्याच्या हातून तपासायचे ठरलं. त्यांतही घोळ निघाला तर सगळं काम बाद आणि ठपका ह्यांच्यावर. नऊ दिवस मी स्वतःलाच शिव्या घालत होते. कसला मेला हट्ट माझा!

दहाव्या दिवशी दुपारी ह्यांचा फोन आला. तीळ नाही, दुधाची चरबी आहे, बहुतेक लोणी, सगळ्या तुकड्यांत. मी ओट्याला टेकून उभी राहिले. सुटले गं बाई. इतका जीव हलका झाला की दुधाकडे लक्षच राहिलं नाही, ते उतू गेलं.

निरोपाच्या दिवशी मीही गेले होते. मॅडम भाषणात म्हणाल्या की लाडू आम्ही सगळ्यांनीच खाल्ले होते, आठवले मात्र एकट्या विश्रामजींना. सगळे हसले, माझे डोळे भरून आले. नंतर त्या माझ्याजवळ आल्या आणि माझा हात हातात घेतला.

"भाभीजी, तुमचं ऐकायला हवं होतं त्यांनी. तुम्ही नको म्हणत होतात, तरी हट्टानं डबा आणला, असं सांगितलं त्यांनी मला."

खापराबद्दल खोटं ज्यांच्या घशाखाली उतरलं नाही, ते हे! मी वळून पाहिलं. हे मान खाली घालून समोसा खात होते. मी मॅडमना म्हणाले, "हो ना, ऐकतच नाहीत."