आकृतीत नसलेली रेघ

त्याने पट्टीशिवाय रेघ मारली आणि ती अगदी सरळ आली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. माणूस पहिल्यांदा काही काढतो तेव्हा हात थोडा तरी अडखळतो. याचा हात अडखळला नाही. एक उंच, निमुळता त्रिकोण, त्यात दोन आडव्यातिडव्या रेघा, त्या जोडणारी तिसरी, आणि ठरलेल्या जागी ठरलेले आकडे. हे चित्र त्याने आधी पुष्कळदा काढलेलं होतं. कोणासमोर काढलं होतं, हा पुढचा प्रश्न.

मला बघायला आला होता तो. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. खानदेशातून येऊन आम्ही डिंडोलीत राहायचो, बाबा पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये रंगखात्यात होते, आणि त्यांच्या नखांवरून त्या आठवड्यात कुठल्या रंगाच्या साड्या निघाल्या ते घरबसल्या कळायचं. मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते. सकाळी मुलांच्या शिकवण्या घ्यायचे आणि दुपारी आईबरोबर साड्यांना खडे चिकटवायचे. हे स्थळ माझ्या फुईने आणलं होतं. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. मुलगा पलसाण्याच्या एका डाइंग युनिटमध्ये सुपरवायझर, घरचेही आपल्या खानदेशातलेच, आणखी काय पाहिजे, असं तिचं म्हणणं.

पोहे झाले, चहा झाला. त्याची आई मला शिवण येतं का, भाकरी येते का, सगळं विचारत बसली. मग त्याला म्हणाली, तुला काय विचारायचं ते विचार. त्याने खिशातून कागद काढला आणि तो त्रिकोण मांडला.

"तुमचं गणित आहे म्हणून," तो म्हणाला. "आज नको. सावकाश जवाब द्या."

म्हणजे परीक्षा! माझा पारा चढला. नंदुरबारचा एक मुलगा आधी येऊन गेला होता. बाबांनी प्रवासाला किती वेळ लागतो विचारलं, त्याने काहीतरीच सांगितलं, मी ते दुरुस्त केलं. दोन दिवसांत निरोप आला, मुलगी शब्द खाली पडू देत नाही. तेव्हापासून असल्या मुलांची तऱ्हा मला चांगली ठाऊक होती. गणित सुटलं तर मुलगी जास्त शहाणी, नाही सुटलं तर पदवी नुसती नावाची. दोन्हीकडून पंचाईत माझीच.

ते गेल्यावर बाबा खूश होते. मुलाकडच्यांना मी पसंत होते, पुढच्या रविवारी ते बोलणी करायला येणार होते. "तठपर्यंत हो नहीते नही, कायते सांगी दे," बाबा म्हणाले. माझे बाबा जबरदस्ती करणाऱ्यातले नव्हते, पण माझ्या गप्प बसण्याचा अर्थ ते 'हो' असाच धरणार, हे मला माहीत होतं. रविवारी नारळ फुटला असता आणि मी एका परीक्षकाच्या घरी जन्मभर बसले असते.

तो कागद मी तुच्छतेनेच हातात घेतला. शाळेतल्या मुलाचं गणित दिसत होतं. त्रिकोणाच्या दोन लांब बाजू सारख्या, वरचा कोन वीस अंशांचा, पायाचे दोन्ही ऐंशीचे. पायाच्या डाव्या टोकातून समोरच्या बाजूवर एक रेघ नेलेली, ती पायाशी साठचा कोन करते. उजव्या टोकातून तशीच दुसरी, ती पन्नासचा करते. दोघी जिथे बाजूंना टेकतात ती ठिकाणं जोडलेली. या जोडरेघेचा साठवाल्या रेघेशी होणारा कोन काढा. बस्स. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी, एवढं माहीत असलं की चहा निवायच्या आत सुटावं.

चहा निवला. मी कोन भरत गेले, इथे चाळीस, तिथे तीस, मध्ये सत्तर. जोडरेघेच्या दोन टोकांना दोन कोन उरले, आणि त्या दोघांची बेरीज निघाली एकशे दहा. म्हटलं, आता दुसऱ्या बाजूने धरू. वरचा छोटा त्रिकोण घेतला. पुन्हा एकशे दहा. चौकोन घेतला, तरी एकशे दहा. दोघांचं मिळून किती ते सगळीकडून कळत होतं, एकेकाचं काही केल्या कळत नव्हतं.

मग संशयाने घर केलं. याने मुद्दाम एखादा आकडा गाळला असणार. अपुरं गणित द्यायचं, मुलगी विचारायला येते का बघायचं, आणि आली की हसायचं. शिकवणीतल्या एका मुलाच्या कंपासपेटीतून मी कोनमापक घेतला, आकृती मोठ्या कागदावर नीट काढली आणि कोन मोजला. तीस. थोडी हलवून मोजला, तरी तीसच्या आसपास. म्हणजे उत्तर होतं, आकडा गाळलेला नव्हता. पण मोजून आलेल्या तीसवर माझा काडीचा विश्वास नव्हता. साडेएकोणतीसही असेल. का तीस, ते सांगता आलं पाहिजे. नाहीतर तो विचारणार, कसं काढलंत, आणि मी काय कोनमापक दाखवू?

आईचा संशय वेगळाच. "काय पाहस सारखी त्या कागदमा?" तिने विचारलं. तिला वाटत होतं मी त्याच्या अक्षरावर भाळले. मी म्हटलं, गणित आहे. तिने कागद उलटापालटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं, आणि जागेवर ठेवला. तिची खात्री पटलेली दिसली नाही.

बुधवारी फुई आली. मी तिला आडून आडून विचारलं, हा माणूस कसा आहे, बघायला गेला की काय काय विचारतो. फुईच्या पोटात काही राहत नाही. ती म्हणाली, गेल्या वर्षी उधन्याला एक मुलगी पाहिली होती त्याने, तिलाही असलंच काहीतरी चित्र काढून दिलं होतं. पुढे ते मोडलं. कोणी मोडलं, हे काही तिला ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. म्हणजे मला तसं वाटलं. पाणी कुठे मुरत होतं ते आता दिसायला लागलं. उधन्याची मुलगी नापास झाली, तिला सोडलं. आता माझी पाळी. त्या मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी तिचा मला इतका कळवळा आला की तिच्या वतीनेही हे गणित सोडवायचं ठरवलं. सोडवायचं, त्याच्या हातात द्यायचं, आणि मग नाही म्हणायचं. पास होऊन नाही म्हणण्यात जी मजा आहे ती नापास होऊन नाही.

पण सुटेना. गुरुवार गेला. वरच्या टोकातून रेघ टाकून पाहिली, पायाला समांतर रेघ टाकून पाहिली, हात टेकायची वेळ आली. शुक्रवारी दुपारी आईबरोबर साडीला बसले. पदरावर तिरप्या ओळीत खडे लावायचे होते. नुसत्या नजरेने लावले तर ओळ वाकडी जाते, म्हणून आम्ही आधी खडूने एक फिकट रेघ ओढायचो, तिच्या कडेने खडे चिकटवायचो आणि वाळले की रेघ झटकून टाकायचो. नक्षीत ती रेघ कुठेच नसते, पण तिच्यावाचून नक्षी होत नाही. मी खडू उचलला आणि तसाच हातात धरून बसले. पाच दिवस मी दिलेल्याच रेघांमध्ये शोधत होते. नवी टाकली तीही कुठेतरी, अंदाजाने. कुठल्या कामासाठी टाकायची, हा विचारच केला नव्हता.

काम तसंच टाकून उठले. आई ओरडली, ओरडू दिलं. मला सारख्या बाजू पाहिजे होत्या. वरचा कोन वीस आणि खालचे ऐंशी, मग पायाच्या डाव्या टोकातून वीस अंशांचीच रेघ टाकली तर? टाकली. खाली एक छोटा त्रिकोण तयार झाला, वीस, ऐंशी, ऐंशी, मोठ्या त्रिकोणाचं पिल्लूच. म्हणजे ही नवी रेघ पायाएवढी. डावीकडे पाहिलं, तिथे ऐंशी, पन्नास, पन्नास, म्हणजे त्या बाजूचा खालचा तुकडाही पायाएवढा. या दोन सारख्या रेघांमध्ये कोन उरला साठचा, आणि मधोमध सगळ्या बाजू सारख्या असलेला त्रिकोण उभा राहिला. उजवीकडे चाळीस, चाळीस, तिथेही तेच माप. मग शेवटच्या त्रिकोणाचे कोन सत्तर, सत्तर, आणि सत्तरातून चाळीस गेले तीस.

मोजलेलं नाही, निघालेलं तीस. मी एकटीच मोठ्याने हसले. त्या आठवड्यात मला इतका आनंद कशानेच झाला नव्हता, आणि ज्याच्यामुळे झाला त्याचा मला राग होता.

रविवारी तो आणि त्याची आई आले. मी बाबांना म्हटलं, आधी मला त्याच्याशी बोलायचंय. फुईच्या भुवया वर गेल्या, पण बाबांनी मान हलवली. मागच्या दारी पाण्याच्या टाकीपाशी आम्ही उभे राहिलो. दार उघडं, आत सगळ्यांचे कान आमच्याकडे.

मी खडा टाकून पाहायचं ठरवूनच गेले होते. म्हटलं, "पस्तीस."

खरा परीक्षक लगेच गालात हसला असता. हा गोंधळला. "पस्तीस? मी मोजला तर तीस येतो. दर वेळेला तीसच येतो. पण माझं मोजणं चुकलंही असेल. तुम्ही कसा काढला?"

"तुम्ही कसा काढता?"

"मला येत नाही," तो म्हणाला. "डिप्लोमाला होतो तेव्हापासून नाही येत. फळ्यावर कोणीतरी काढून गेलं होतं. गणितवाला कोणी भेटला की त्याला देतो. आमच्या केमिस्टलाही दिलं, तो म्हणे वेडा झालास का."

"आणि उधन्याच्या मुलीला?"

त्याने खाली पाहिलं. "ती चिडली. म्हणाली, परीक्षा घेणारा नवरा नको. तिचं बराबर होतं. मला ते तेव्हा सुचलंच नाही."

ऐकायला हे छान होतं, आणि छान ऐकू येणाऱ्या गोष्टींवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. एकांतात नम्र होणारे पुष्कळ असतात. तरी टाकीच्या झाकणावर कागद ठेवून मी त्याला ती रेघ दाखवली. तो बघतच राहिला. "ही तर आकृतीत नाही." मी म्हटलं, "नाहीच. आपण टाकायची." मग तो बोटाने एकेक कोन धरत पुढे गेला. एका ठिकाणी अडला, हे दोन सारखे का, म्हणून विचारलं. मी सांगितलं. कळलं नाही, पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला, पण कळल्याचं सोंग त्याने केलं नाही. शेवटी तीस आले तेव्हा त्याचा चेहरा इतका उजळला की मला क्षणभर दुसरीकडे पाहावं लागलं.

आत गेलो. त्याची आई वाटच पाहत होती. "उनं का पोरले ते गनित?" तिने सगळ्यांसमोर विचारलं. बाबा ताठ बसले. फुईने बशी खाली ठेवली. आठवडाभर दोन्ही घरांत एकच समजूत होती, की मुलाने परीक्षा घेतली आहे.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. 'हो, उनं', म्हणजे आलं, एवढंच म्हणायचं होतं त्याला. ते खोटंही नव्हतं. मी पास झाले असते, तो परीक्षक राहिला असता, सगळे खूश झाले असते, आणि मी नाही म्हटलं असतं. टाकीपाशी तो काहीही बोललेला असो.

"माले येत नव्हतं, माय," तो म्हणाला. "यास्नी काढं. माले तीनदाव समजाडनं पडनं."

बाबांनी उगाच भिंतीकडे पाहिलं. त्याची आई त्याच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

"मंग परीक्षा कोन लेत व्हतं?" तिने विचारलं.

त्याला हसू आलं, आणि मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. आई मागोमाग आली. तिने दार अर्धं लोटलं आणि माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, साडीतला सुटलेला धागा शोधताना बघायची तशी.

"सांग बाबांना, हो," मी म्हटलं.

"त्याले येत नही म्हने," आई कुजबुजली, "आनि तू हो म्हनस?"

"म्हनूनच," मी म्हटलं, आणि पोह्यांच्या बशा भरायला घेतल्या.