लाखोळीचे वडे आणि वरून बासरी

माझ्या थोरल्या भावानं कंप्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केला, तेव्हापासून आमच्या घरात शहाणपणाचा मक्ता त्याच्याकडे आहे. गोंदियातल्या त्याच्या घरी ते सर्टिफिकेट बुद्धाच्या तसबिरीशेजारी टांगलेलं असतं. बुद्ध हसतो. मला तरी त्याचं कारण कळतं.

गावी, मुर्रीला आमची माय एकटी राहायची तेव्हाची गोष्ट. एका मराठी चॅनलचे लोक गावोगावचे पदार्थ दाखवायला आले आणि मायनं त्यांना लाखोळीच्या डाळीचे वडे करून दाखवले. अर्ध्या तासाचा कार्यक्रम. भावानं नुकताच टीव्हीच्या छत्रीचा तो नवा, रेकॉर्डिंगवाला डबा घेतला होता, त्यात त्यानं तो भरून ठेवला. दोन वर्षांनी माय गेली. मग काही वर्षांनी एक दिवस माझी पोरगी विचारते, "आजी बोलायची कशी?" मी अल्बम काढला. फोटो होते पुष्कळ. आवाज तेवढा कुठंच नव्हता, फक्त त्या डब्यात होता. आणि डबाही हल्ली चालता चालता बंद पडायचा.

मी शिकवते त्या शाळेत रजा टाकून तडक नागपूरहून गोंदियाची गाडी पकडली. "दादा, मायचा कार्यक्रम कंप्युटरवर घेऊन दे. नीट घे."

"टेंशन मत ले," भाऊ म्हणाला. तो असं हिंदीत बोलला की समजावं, काहीतरी बिघडणार.

आधी त्यानं पाना-स्क्रूड्रायव्हर घेऊन डबाच खोलला. आतली डिस्क काढून कंप्युटरला लावली. डब्यानं ती आपल्या कुलपात ठेवलेली, कंप्युटरला काय दिसणार, कपाळ? कंप्युटरनं विचारलं, डिस्क फॉर्मॅट करू का, म्हणजे सगळं पुसू का? भाऊ म्हणतो, "विचारून राहिला तर हो म्हणून पाहू." वहिनीनं त्याच्या हातावर फटका मारून माउस हिसकावला, म्हणून वाचलो. वहिनी सातवी पास आहे. तिचं सर्टिफिकेट कुणी टांगलं नाही.

मग कुणीतरी अक्कल दिली की डब्याच्या वायरी एका कार्डातून कंप्युटरला जोडायच्या, डब्यावर कार्यक्रम लावायचा आणि तो चालेल तसा तिकडे भरत जातो. अर्ध्या तासाला अर्धा तास. भावानं कार्ड आणलं. पहिल्यांदा चित्र काळं-पांढरं आलं. दुसऱ्यांदा भाच्यानं मधेच रिमोट घेऊन कार्टून लावलं, तर मायच्या वड्यांनंतर एक उंदीर धावतो. तिसऱ्यांदा लोडशेडिंग. दर वेळी भाऊ मला नागपूरला फोन करून असं समजावायचा, जणू हा उपग्रह त्यानंच गच्चीवरून सोडलाय. मी "हं हं" करायची. गरज मला होती ना.

चौथ्यांदा साधलं. "ये," म्हणाला, "पण आल्याबरोबर नाही दाखवणार. जरा सजवून राहिलो."

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकायला पाहिजे होती.

मी गेले. सगळ्यांना खुर्च्या मांडून बसवलं. पडद्यावर गुलाबी अक्षरं गिरक्या घेत आली, खालून दोन कमळं उगवली. लग्नाच्या कॅसेटवाल्यानं लाजावं असा तो थाट. मग माय. नऊवारी, हातात डाळीचा गोळा, बोटांनी मधे भोक पाडतेय. तिचे ओठ हलत होते. आणि ऐकू काय येत होतं? बासरी. मुलाखत घेणारी पोरगी बोलली की आवाज स्वच्छ, शुद्ध, शहरी. माय बोलली की बासरी.

"दादा, मायचा आवाज?"

"काढला. तिथं म्युझिक टाकलं. कसं जमलं?"

"आणि डब्यातलं?"

"मिटवलं. मॅच भरायला जागा नव्हती. कंप्युटरवरची मूळची मोठी फाइल बी उडवली, लय जागा खात होती."

ते चॅनलही तोवर बंद पडलेलं. संपलं. मग मी तोंड सोडलं. मूर्खा, गाढवा, तीन महिन्यांच्या पंडिता, सगळं झालं. कारकुनी करून साहेबाच्या पुढं हिंदी फाडतोस म्हणून मायची बोली तुला खेडवळ वाटायला लागली का? ज्या बोलीत तुला अंगाई म्हटली, ती पुसायला तुझा हात धजला कसा? वहिनी आतून बाहेर आली आणि तशीच परत गेली.

भाऊ ऐकून घेत होता. त्याची सवय नाही ती. मग हळूच म्हणाला, "बाई, हे मी तुझ्यासाठी केलं. मले वाटलं तुले बरं वाटल."

"माझ्यासाठी? कायले?"

"हा प्रोग्राम पहिल्यांदा लागला तवा तुझ्या शाळेतल्या मॅडम आल्या होत्या ना तुझ्यासंग इथं. मायनं त्या पोरीले म्हटलं, 'अवो, घड्यार कायले पायतेस, डाळीले बोट लावून पाय.' मॅडम हासल्या. तू म्हटलं, 'दादा, आवाज बंद कर रे, लाज वाटून राहिली.' मी बंद केला. माय तिथंच बसून होती."

मला आठवलं. सगळं नाही, पण मॅडमच्या हातातली वड्यांची ताटली आठवली, आणि भिंतीशी बसलेली माय. पदरानं हात पुसत राहिली.

त्यानंतर दोन वर्षं ती मला दर रविवारी फोन करायची. "कशी आहेस? जेवलीस का? मुलगी कशी आहे?" एकेक शब्द जपून, पुस्तकातल्यासारखा. भावाशी, वहिनीशी, शेजारणीशी ती शेवटपर्यंत तशीच आपल्या बोलीत बोलत होती. आणि मी फोन ठेवून नवऱ्याला कौतुकानं सांगायची, म्हातारी या वयात सुधारली हो.