वर आणि खाली

आमच्या दाजींइतका खरं बोलणारा माणूस लखनौत दुसरा नसेल, आणि आपल्या खरेपणाचा लोकांना इतका ताप देणारा तर अख्ख्या उत्तर हिंदुस्थानात नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. 'निघालात का?' असं फोनवर कुणी विचारलं तर सगळं जग अंथरुणातून 'हो, वाटेतच आहे' म्हणून सांगतं. दाजी सांगणार, 'नाही. उजव्या पायात चप्पल आहे, डाव्या पायाची सापडत नाही.' कुणाकडे जेवायला गेलो आणि बाईंनी भाजी कशी झालीय म्हणून विचारलं, की ताई टेबलाखालून त्यांचा पाय दाबायची. दाजी आधी तिला मोठ्यांदा विचारायचे, 'पाय का दाबतेस?' आणि मग भाजीबद्दल सांगायचे. ज्या गावात दुकानदार 'माल नाही' एवढं सांगायलाही आधी तुमची ख्यालीखुशाली विचारतो, त्या गावात हा माणूस टिकला तो केवळ ताईच्या गोड बोलण्यावर. ते तोडायचे, ती सांधायची.

हवाई दलात ते रेडिओ दुरुस्त करायचे. शेवटची बदली लखनौजवळ बख्शी का तालाबच्या तळावर झाली आणि निवृत्तीनंतर गावी न परतता त्यांनी लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत एक जुनं दुमजली घर घेतलं. मी बँकेच्या बदलीनं इथे येऊन सरोजिनी नगरात राहिलो, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, तरी रविवारचं जेवण ताईकडेच असे. दाजींचा दुरुस्तीचा एक मंत्र होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि यंत्र सुरू झालं, तर कशानं सुरू झालं ते आयुष्यात कळत नाही. मंत्र चांगलाच आहे, पण त्यांनी तो आमटीलाही लावला. एकदा आमटीला कसलीशी कडवट चव येऊ लागली. ताईला पहिल्या घासातच कळलं की चिंच जुनी झालीय. दाजी म्हणाले, 'कळणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.' मग एक दिवस फक्त डाळ बदलली, दुसऱ्या दिवशी फक्त पाणी, मग कुकर, मग हिंग. चिंचेची पाळी आली तोवर घरातल्यांना ती कडवट चव आवडायला लागली होती.

निवृत्तीनंतर आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीचे माईक आणि लाउडस्पीकर त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. माईक नीट झाला का हे बघायला ते तो लावून ठेवायचे आणि घरात जे काही चाललं असेल ते रेकॉर्ड करायचे. आता घरात चाललेलं असायचं ते ताईचं बोलणं. फोनवर आमच्या आईशी, स्वयंपाकघरात स्वतःशी, दारावर भाजीवाल्याशी. ताईची हिंदी हा एक स्वतंत्र विषय आहे. सगळं आयुष्य उत्तरेत काढून तिनं हिंदीला आपल्या घरच्या वळणावर आणलं होतं. एकदा भेंडी हातात घेऊन ती भाजीवाल्याला म्हणाली, "भैया, ये भेंडी तो जून है." तो बिचारा अदबीनं म्हणाला, "जी बहनजी, जून ही तो चल रहा है." आमची जून म्हणजे राठ, त्याचा जून म्हणजे महिना. दोघांनाही आपलंच बरोबर आहे याची खात्री होती, आणि भेंडी शेवटी तिनं घेतलीच. हेसुद्धा माईकनं टिपलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ताई गेली. आजारपण थोडक्यात आटोपलं, एवढंच त्यातलं बरं. दाजी रडले नाहीत. निदान माझ्यासमोर नाहीत. त्यांनी ते सगळे आवाज गोळा करायला घेतले. जुन्या यंत्रांतून, कार्डांतून, कॅसेटींतून काढून ते खालच्या मजल्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये भरले, आणि मंडळींची कार्डं-कॅसेटी पुसून ज्याची त्याला परत केली. त्यांचा प्रोग्रॅम आवाजाचे मिनिटामिनिटाचे तुकडे करून ठेवी, त्यामुळे हजारोंनी फायली झाल्या, आणि सगळ्या एकाच फोल्डरात. त्याला त्यांनी नाव दिलं 'खाली', कारण ते खालच्या मजल्यावर होतं. मग त्यांना वाटलं, हा डबा जुना झाला, कधीही मान टाकेल. म्हणून वरच्या खोलीत नवीन सर्व्हर उभा केला, त्यातल्या फोल्डरचं नाव 'वर', आणि सगळं खालून वर पाठवायचं ठरवलं. घरात कुठूनही नेटवर्क उघडलं की ही दोन नावं शेजारीशेजारी दिसत: वर, खाली. याहून सरळ काय असणार?

पण खालून वर जाणाऱ्या फायली फार हळू जात. सुरुवातीला बऱ्या जात, मग जसजसं वरचं फोल्डर भरे तसतशा रखडत. एकच फाईल पाठवली तर चुटकीसरशी जाई, सगळ्या पाठवल्या की मुंगीच्या पावलानं. मी म्हटलं, "दाजी, जाऊ द्या की सावकाश. आठवडा लागेल, लागू दे." ते म्हणाले, "मंद चालतंय म्हणजे काहीतरी चुकतंय. चुकत असताना तुझ्या ताईचा आवाज मी त्यातून पाठवणार नाही." त्यांनी काम थांबवलं, वर गेलेल्या फायली पुसून पाटी कोरी केली आणि शोध सुरू झाला.

तो शोध आम्ही सगळ्यांनी भोगला. आधी केबल बदलली. मग नेटवर्कचा स्विच. मग दुसरी केबल, पण जुना स्विच परत लावून. कुणी मोटार चालू केली तर विजेत फरक पडतो म्हणून मोजणी चालू असेपर्यंत टाकीत पाणी चढवायला बंदी. माझी भाची रेवा एका खासगी कंपनीत आहे, घरूनच काम करते. तिची मीटिंग ऐन रंगात आली की दाजी राउटर बंद करून 'एक मिनट' म्हणत, आणि ते मिनिट खरंच मोजून पाळत. दर प्रयोगासाठी ते एकच ठरलेली फाईल खालून वर पाठवायचे, ना फार मोठी ना फार लहान. तेवढी एक वर तशीच राहू देत. डिस्कचा वेग पाहायला मात्र खालच्या डब्यावर निरर्थक आकड्यांच्या भल्यामोठ्या फायली लिहीत आणि पुसत. मी रविवारी गेलो की चहाच्या आधी निष्कर्ष ऐकावा लागे. निष्कर्ष नेहमी एकच: "केबल नाही." पुढच्या रविवारी: "स्विच नाही." काय नाही याची त्यांना इतकी खात्री होत चालली होती की काय आहे ते कळायची मला घाई उरली नव्हती.

अशाच एका रविवारी आम्ही तिघं जेवत होतो. रेवाला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती हिंदीतच. आई आणि बाबा एवढेच शब्द तिनं मराठीचे ठेवले आहेत. ती वाढता वाढता सहज म्हणाली, "बाबा, आपका सर्वर इसीलिए तो स्लो था. फालतू चीज़ें पड़ी थीं. एक फोल्डर पर तो खुद आपने लिख रखा था, खाली. मैंने खोलके भी देखा, कुछ नहीं था. हटा दिया."

मी तिच्याकडे पाहिलं. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. घरात बोलताना तिनं हजारदा 'खाली या' ऐकलं असेल, पण पडद्यावर लिहिलेला शब्द तिच्या डोळ्यांनी शाळेतल्या हिंदीत वाचला. आणि उघडून पाहिलं तेव्हा त्या हजारो फायली त्याच रखडत्या वाटेनं यायच्या होत्या. खिडकी बराच वेळ कोरी राहिली असणार. नाव सांगतंय रिकामं, दिसतंयही रिकामं. नेटवर्कवरून पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीतही जात नाही, ते सरळ जातं. कधी हटवलंस, असं मीच विचारलं. बुधवारी, म्हणाली. बराच वेळ ते चाक गोल फिरत राहिलं, म्हणून ती अंघोळीला निघून गेली होती.

रिकामं फोल्डर पुसायला एवढा वेळ कसा लागेल, हा प्रश्न दाजींनी दुसऱ्या कुणालाही विचारला असता. तिला त्यांनी विचारला नाही. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला होता. तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती जरा हळू आवाजात म्हणाली, "कुछ था क्या उसमें?"

दाजी म्हणाले, "नाही गं. खालीच होतं."

ज्या माणसानं यजमानीणबाईंच्या भाजीलाही कधी बरं म्हटलं नाही, त्याला आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना मी ऐकलं. आणि तेही मराठीत धरलं तर खरंच होतं. ते मराठीत बोलले, तिनं हिंदीत ऐकलं. तिचा चेहरा मोकळा झाला आणि तिनं त्यांना आणखी एक पोळी वाढली. दाजींनी ती खाल्लीही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी खालचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर लखनौतल्याच कपूरथला नावाच्या बाजारात एका जाणकाराकडे गेलो. पुसलेलं बरेचदा परत मिळतं, असं तो म्हणाला होता. मग त्यानं पाहिलं आणि विचारलं, "अंकल, डिलीट होने के बाद इस पर कुछ लिखा है?" त्या आठवड्यात पाळी डिस्कची होती. बुधवारपासून शनिवारपर्यंत त्यांचे वेगाचे प्रयोग चालूच होते. ताईचा आवाज जिथे होता, तिथे त्यांनी स्वतःच्या हातानं ते निरर्थक आकडे लिहिले होते, पुसले होते, पुन्हा लिहिले होते. परतताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "आठवडा लागला असता. लागू द्यायला हवा होता." मला त्याचं वाईट वाटलं ते अजून जात नाही. सावकाश का होईना, पण चालू होतं हो ते. एका वेळी एक गोष्ट करणाऱ्या माणसानं, सांभाळणं आणि शोधणं यांतलं आधी सांभाळणं उचललं असतं तर! पण हे त्यांना मी कशाला सांगू? त्यांना ते माझ्याआधी सिद्ध झालं होतं.

कारण मात्र त्यांनी शोधलंच. महिन्याभरानं मला वरच्या खोलीत बसवून समजावलं. दोन्ही कॉम्प्युटरांची फायली मांडायची रीत निराळी. इंग्रजी नावातली मोठी लिपी आणि लहान लिपी खालच्याला सारखीच, वरच्याला वेगवेगळी. त्यामुळे खालून एक नवीन फाईल आली की याच नावाची, पण लहानमोठ्या अक्षरांत लिहिलेली दुसरी आपल्याकडे नाही ना, हे बघायला वरचा बिचारा दर वेळी सगळं फोल्डर पहिल्यापासून वाचायचा. जितकं भरे, तितकं वाचणं वाढे; एकट्या फाईलच्या प्रयोगात ते कधी दिसणारच नव्हतं. "दोघं एकच नाव वेगवेगळं वाचत होते," दाजी म्हणाले, "दुसरं काही नाही." नावं सगळी लहान लिपीतच ठेवायची अशी सेटिंगमधली एक ओळ बदलली, आणि आता वारं प्यायल्यासारखं चालतं. पाठवायला मात्र काही उरलेलं नव्हतं.

म्हणजे एक उरलं होतं. 'वर'मध्ये ती प्रयोगाची फाईल होती. इतके महिने ते तिचा फक्त वेग मोजत होते, ऐकली नव्हती. त्यांनी ती उघडली, ती क्षणात उघडली. "भैया, ये भेंडी तो जून है." "जी बहनजी, जून ही तो चल रहा है." मग पिशवीचा आवाज, दार लावल्याचा, आणि जिन्याच्या पायथ्याशी येऊन मारलेली हाक: "अहो, खाली या. चहा निवतोय."

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. रेवा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. तिनं ट्रे कॉम्प्युटरशेजारी ठेवला, पडद्यावरचं 'वर' पाहिलं, शेजारची रिकामी जागा पाहिली.

"उसमें आई थी ना, बाबा?" ती म्हणाली.

दुसरं खोटं दाजींना जमण्यासारखं नव्हतं. ते उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग ट्रे स्वतः उचलला.

"चल," म्हणाले, "खाली जाऊ. चहा निवेल."