सुट्टीच्या दिवशीचा सत्कार

सत्कार म्हटलं की माझं डोकं तडकतं. नारळ, शाल, फेटा, यातलं काहीही दिसलं तरी. लोक म्हणतात, मॅडम फार कडक आहेत. असू दे.

जालन्यात राज्याच्या मुलींच्या खो-खो संघाचं शिबिर होतं आणि मी त्यांची फिटनेस ट्रेनर. कुणाला किती पळवायचं आणि कुणाला कधी थांबवायचं, हे ठरवायचं माझं काम. पण आमचे प्रशिक्षक सर सगळ्यांना एकाच मापानं पळवायचे. नुसती हुलकावण्या देत पळणारी असो की खांबावर सूर मारणारी, राऊंड तेवढेच. "एकीला सुट्टी दिली की बाकीच्यांची तोंडं फुगतात," हे त्यांचं शास्त्र.

संघातली सगळ्यात चांगली आक्रमक बदनापूरच्या पलीकडच्या एका खेड्यातली. सूर मारून उठताना ती उजवा पाय जरा जपून टाकायला लागली होती. मांडीचा मागचा स्नायू आखडत होता आणि नॅशनल तोंडावर आलेली. मी सरांशी भांडले, चांगला आवाज चढवून भांडले, आणि तिला रविवारची पूर्ण सुट्टी मिळवली. मला तर गड जिंकल्यासारखं वाटलं.

शनिवारी तिच्या वडिलांचा फोन आला. ते शाळेत शिक्षक, बोलणं मऊ.

"मॅडम, उद्या तिला सुट्टीच हाय म्हणं. गावानं सत्कार ठेवलाय. आमच्या गल्लीत आजवर बँड कधी आल्ता न्हाई."

यावर नाही कसं म्हणायचं? ती फक्त खुर्चीत बसेल, या अटीवर मी हो म्हटलं आणि स्वतः सोबत गेले.

बसणं कसलं! हायवेपासून गावापर्यंत उघड्या जीपमध्ये उभी, तीही भर उन्हात. मग भाषणं. तिच्या यशात आपला वाटा किती, हे प्रत्येकाला सांगायचं होतं. मी दात आवळून ऐकत होते. शेवटी शाळेच्या मैदानावर गेलो, तर तिथं चुन्याच्या रेघा आखलेल्या, दोन खांब रोवलेले आणि जमीन सगळी मुरुमाची.

"ताई, एक सूर दाखवा ना!" गर्दीतून पोरी ओरडल्या.

मी जोरात मान हलवली. तिनं माझ्याकडे पाहिलं, फेटा काढून आईच्या हातात दिला आणि धावली.

सूर सुंदर होता. हे कबूल करावं लागतं आणि त्याचाच जास्त संताप येतो. ती पडली ती उठलीच नाही. टाळ्या मात्र बराच वेळ चालू होत्या.

तिची नॅशनल हुकली. सर एवढंच म्हणाले, "म्हणून सांगत होतो, सुट्टी देऊ नका. इथं राऊंड मारत असती तर धड राहिली असती." सोमवारपासून सगळ्यांची विश्रांती बंद. पुढची सुट्टी मी जिच्यासाठी मागणार होते, त्या सुजलेल्या घोट्याच्या पोरीचीही. तिची सुट्टी मीच भांडून घेतली होती ना.

होस्टेलवर तिच्या मांडीला बर्फ लावताना मात्र मला राहवलं नाही.

"मी मान हलवलेली तुला दिसली नाही का गं?"

"दिसली ना मॅडम. तुमचं बराबरच होतं." ती छताकडे बघत राहिली. "पण आमच्या गल्लीतल्या पोरी गावच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच पुढच्या रांगेत बसल्त्या. त्यांना नुसता फेटा दाखवून कशी येऊ मी?"

मी बर्फाची पिशवी उलटी करून पुन्हा लावली. बाहेर सरांची शिट्टी वाजली. खिडकीतून पाहिलं, तर सगळ्या पोरी राऊंडला निघाल्या होत्या आणि त्यांच्या मागं ती सुजलेल्या घोट्याची, लंगडत.