संपातली कोळंबी

कळंबोलीच्या पंपावर मी दोन रिकामे कॅन घेऊन उभा होतो आणि संपाच्या पहाऱ्यावरच्या सलीम ड्रायव्हरने माझी वाट अडवली होती. त्याच्या डोक्यावर संपाचा बॅनर होता, बॅनरवर मी होतो. मूठ आवळून सांगत होतो, 'दर उतरेपर्यंत डिझेलचा एक थेंबही घेणार नाही!'

"साहब, बोर्ड वाचा," सलीम म्हणाला.

"मीच लिहिलाय तो."

"म्हणून तर वाचा म्हटलं. दुसऱ्याने लिहिला असता तर सोडलं असतं तुम्हाला."

पनवेलमध्ये ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात माझं अर्धं आयुष्य गेलं. कुठला ट्रेलर कुठून कंटेनर उचलून बंदरात कधी पोचवेल, हे ठरवणं माझं काम. आमचं दुखणं साधं आहे. माल पाठवणारी कंपनी भाडं वर्षभरासाठी ठरवते. डिझेल मधेच वाढतं. वाढलेला फरक गाडीवाल्याच्या खिशातून जातो. म्हणून संप. कारण शंभर टक्के खरं होतं, आजही आहे.

आमचे शेठ संघटनेतले मोठे पुढारी, पण माइक दिसला की त्यांचा घसा बसतो. त्यामुळे भाषण मी केलं, बॅनर मी लिहिला, नियमही मीच केले. टाळ्यांची सवय नसलेल्या माणसाला टाळ्या मिळाल्या की तो नियम करत सुटतो. नियम एक, कोणी डिझेल भरायचं नाही. नियम दोन, गाड्या यार्डात लावताना टाक्या तळाला आणूनच लावायच्या, म्हणजे कोणी गुपचूप भाडं मारणार नाही. सूट कोणाला? दूध, औषधं, ॲम्ब्युलन्स. शववाहिनीसुद्धा आठवली मला. रीफर आठवला नाही.

रीफर म्हणजे फ्रीज असलेला कंटेनर. बंदरात तो विजेवर चालतो. रस्त्यावर वीज कुठली? म्हणून ट्रेलरला एक छोटा जनरेटर लावतात, त्याला आम्ही जनसेट म्हणतो. गाडी उभी असली तरी जनसेट चालूच ठेवावा लागतो. आणि तो डिझेलवर चालतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज तेच करत होतो.

संपाच्या सभेत एकच माणूस बोलला होता. हसुराम. उरणकडचा, जमीन सरकारात गेल्यावर आलेल्या पैशांत आणि वर कर्ज काढून त्याने एक ट्रेलर घेतला होता. मालक तोच, ड्रायव्हर तोच. आमच्याकडे त्याची गाडी अटॅच होती, म्हणजे काम आम्ही द्यायचं, जोखीम त्याची.

"सावंत भाऊ, संप बरोबर हाय," तो म्हणाला. "पन शेठची एक गाडी उभी रायली तर बाकीच्या हायेत. माजी एकच हाय. ती उभी रायली की मीच उभा रायलो."

मी माइकवरून म्हणालो, "एकजूट असेल तर कोणी एकटा नाही!" टाळ्या पडल्या. उत्तर मिळालं असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

संपाच्या आदल्या दिवशी मी मोठी हुशारी केली. शेठचे सगळे भरलेले कंटेनर घाईघाईने बंदरात ढकलले. तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजमधला कोळंबीचा एक रीफर राहिला. आमचे सगळे जनसेट आधीच गाड्यांवर लागलेले. हसुरामकडे स्वतःचा होता. "आजच आत जाशील," मी त्याला फोनवर सांगितलं. पण माझ्याएवढे हुशार लोक पनवेलमध्ये पुष्कळ आहेत. गेटवर सगळ्यांचीच रांग लागली, हसुराम बाहेर राहिला, संप सुरू झाला आणि संपाच्या पोरांनी त्याला वळवून कळंबोलीच्या यार्डात आणून लावलं.

यार्डभर गाड्या गप्प. एकच यंत्र घरघरत होतं. डिझेलविरुद्धच्या संपात ते एकटं डिझेल पीत होतं.

दुसऱ्या सकाळी हसुरामचा फोन आला. "भाऊ, जनसेट बंद पडला. गाडीच्या टाकीतलं पायपानं वढून घातलं, तेबी सपलं. बाजूवाल्यांच्या टाक्या बगितल्या. समद्या कोरड्या."

कोरड्या असणारच. नियम दोन.

शेठना फोन लावला. "शेठ, रीफरला सूट देऊ."

"सावंत, कोळंबी औषध आहे का?"

"नाही, पण..."

"टीव्हीवाले यार्डात उभे आहेत. एका गाडीत डिझेल गेलं की संप संपला. तूच बोललास ना भाषणात?"

"हसुरामची गाडी जाईल हो."

"अटॅच आहे ना? माल खराब झाला तरी क्लेम आपल्यावर येत नाही." फोन बंद.

म्हणून मी कॅन घेऊन पंपावर गेलो होतो. सलीमला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण मागून एक जण ओरडला, "ह्यांच्या शेठचे कंटेनर परवाच बंदरात गेले! आता राहिलेला पण घालतायत, आणि नाव हसुरामचं!"

सलीमने माझ्याकडे बघितलं. "सच है क्या, साहब? डबे आत गेले?"

मी कॅन पुढे केले. त्याने कॅन माझ्या हातातून घेतले आणि बॅनरखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलीम स्वतः यार्डात आला. मे महिन्याचं ऊन. हसुराम कंटेनरच्या पत्र्याला हात लावून बसला होता, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. सलीम तसाच परत गेला आणि भरलेले कॅन घेऊन आला. जनसेट सुरू झाला. आकडा दिसला. उणे अठरा हवं, उणे आठ होतं. परत गोठवून उपयोग नव्हता, कारण कंटेनरमधलं यंत्र तापमानाची नोंद ठेवतं आणि त्याला भाषण करून पटवता येत नाही.

संप मिटला. आश्वासन मिळालं, समिती नेमू म्हणाले. डिझेल जागचं हललं नाही. शेठनी मात्र आपल्या कंपन्यांकडून भाडं डिझेलबरोबर वाढेल असं कलम लिहून घेतलं, स्वतःच्या गाड्यांपुरतं. कोळंबी खराब ठरून तळोज्याला परत गेली. क्लेम हसुरामच्या बिलांतून कापला गेला, हप्ते थकले आणि फायनान्सवाले ट्रेलर घेऊन गेले. क्लेम कापल्याच्या कागदांवर ऑफिसतर्फे सही माझी आहे. आता हसुराम शेठची गाडी चालवतो.

परवा पुन्हा संपाची बैठक झाली. डिझेल पुन्हा वाढलंय. सूट कोणाला, ते या वेळी मी सगळ्यात आधी वाचून दाखवलं आणि पहिलंच नाव घेतलं, रीफर. मान वर केली, तर हसुराम शेवटच्या रांगेत बसला होता.

"आता नाव घातलंत, भाऊ?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आता माजी गाडीच नाय."

लोक विचारतात, ड्रायव्हरांनी संप करावा का? करावा. फक्त नियम करायला त्याला बसवा, ज्याची गाडी एकच आहे. या वेळीही नियम मीच केलेत.