भिंतीपलीकडचा प्रॉम्प्टर

भूतबित मी मानत नाही, आधीच सांगतो. तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकात कामं केली, त्यात चार-पाचदा भूतच झालो. आपल्याच तोंडाले पावडर फासणाऱ्याले भुताची भीती काहून वाटंन?

तर झालं असं... हुडकेश्वरले एका रिकाम्या घरात भुताच्या विनोदी पिक्चरचं शूटिंग होतं. भर दुपारी खिडक्यांले काळे पडदे लावून रात्र केलेली. मी घरमालकाच्या कामात, समोर भाडेकरू झालेल्या बाई. आयुष्यातला पहिला पिक्चर, साऱ्या नातेवाइकांले सांगून बसलेलो.

पण आमच्या नाटकात विंगेतून प्रॉम्प्टर वाक्यं सांगतो, अन् तो जे बोलंन ते नट बोलून मोकळा होतो. इथं प्रॉम्प्टरच नाही. नऊ टेक झाले, मी ठप्प. डायरेक्टर पोरगा हळूच म्हणाला, "काका, आता नाही जमलं तर मले दुसरा माणूस बोलवावा लागंन."

दहावा टेक सुरू झाला... अन् मागच्या भिंतीकडून शांत आवाजात माझं पहिलं वाक्य आलं. वाटलं, पोरानं दया येऊन माणूस ठेवला. जीवात जीव आला. तो सांगत गेला, मी धाडधाड बोलत सुटलो.

मधातच आवाज म्हणाला, "पंखा पडून राहिला, बाई, सरका."

सवयच ती. मी बोट वर करून दणक्यात म्हटलं — "पंखा पडून राहिला, बाई, सरका."

बाईंले वाटलं, बुढा पुन्हा विसरला. कपाळावर हात मारत त्या वैतागून बाजूले झाल्या. अन् त्या उभ्या होत्या तिथंच छताचा पंखा धाडकन खाली आला.

मग डायरेक्टर पुटपुटला, "टेक... ओके."

बाई पंख्याकडं अन् मग माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "काका, तुम्हाले कसं समजलं?"

"मले काय विचारता? प्रॉम्प्टरले विचारा."

"कोणता प्रॉम्प्टर?" डायरेक्टर म्हणाला.

सारे मागं जाऊन आले. भिंतीपलीकडं मोकळा प्लॉट अन् दोन म्हशी. साउंडवाल्यानं रेकॉर्डिंग तीनदा लावलं, त्यात ते वाक्य एकदाच, माझ्याच आवाजात.

आता लोक त्याच सीनले सगळ्यात जास्त हसतात. म्हणतात, काका, काय टायमिंग आहे. मी मान डोलावतो, पण आतून लाज वाटते. ते वाक्य माझं नाही. कोणाचं, ते आजवर समजलं नाही.

डायरेक्टरनं दुसऱ्या पिक्चरले बोलावलं. मी हो म्हटलं, फक्त शूटिंग त्याच घरात करा म्हणालो. त्याले वाटते, काका गंमत करून राहिले.